चिमी वरठा, वय ४४

२०१६च्या जूनमध्ये वरून आदेश आला, की तालुक्यातल्या अपंग बालकांसाठी आठवड्यातून एकदा शाळेत थेरपी होईल आणि शाळेने एक खोली द्यावी. डहाणूच्या आमच्या शाळेत रिकामी खोली नव्हती. मुख्याध्यापकांनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मी नेमकी त्या वेळी चहा ओतत होते, मान वर केली नाही, आणि ती माझी संमती धरली गेली. तेव्हापासून दर मंगळवारी माझा पहिलीचा वर्ग व्हरांड्यात भरू लागला.

पहिल्याच मंगळवारी सगळ्यांच्या आधी आला तो रविंद्र वरठा. सत्तावीस वर्षांचा, रानशेतजवळच्या एका पाड्यावरचा, डहाणूतल्या फुग्याच्या कारखान्यात कामाला. त्याची पाळी दुपारी दोनला सुरू व्हायची आणि बायको, सुनिता, पहाटेच वाडीत चिकू उतरवायला जायची, म्हणून मंगळवार त्याच्या वाट्याला आलेला. खांद्यावर चार वर्षांची चिमी. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. तिचे पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकायचे आणि तोंडातून शब्दाऐवजी नुसता सूर निघायचा. डोळे मात्र तरतरीत. माझ्याकडे तिने असं पाहिलं, की खोली नाखुशीने सोडल्याबद्दल मीच तिची माफी मागावी.

थेरपी देणाऱ्या सोनल मॅडम घरी गुजराती, शाळेत मराठी आणि रागावल्या की हिंदी बोलायच्या. त्यांनी चिमीचे पाय ताणून दाखवले, रोज वीसदा करा म्हणाल्या, आणि ओठांच्या व्यायामासाठी शिट्टी किंवा फुगा फुंकायला द्या असं सांगितलं.

"फुगं चालतील?" रविंद्रने विचारलं.

"चालतील ना. एखाददुसरा घेऊन या."

पुढच्या मंगळवारी त्याने कारखान्यातून बाद झालेल्या फुग्यांची गोणीच आणली. कुणाला भोक, कुणाचं तोंड जाड, कुणावरची मांजर चारऐवजी सहा पायांची छापलेली. चिमीला फुंकता येईना. मग रविंद्र फुगा फुगवायचा आणि सोडायचा. फुगा पर्रर्र करत खोलीभर फिरला, की चिमी हसून हसून लाळ गाळायची. तीन मंगळवार असेच गेले. चौथ्या मंगळवारी चिमीने ओठ मिटले, गाल फुगवले आणि स्वतः आवाज काढला. पर्रर्र.

सोनल मॅडमनी टाळ्या वाजवल्या आणि रजिस्टरात लिहिलं, 'ओठांच्या हालचालीत लक्षणीय प्रगती.' व्हरांड्यातल्या माझ्या चाळीस मुलांना तो आवाज ताबडतोब जमला. त्या दिवशी मी बाराखडी घेतली, तर प्रत्येक अक्षरानंतर लक्षणीय प्रगती ऐकू येत होती.

दिवाळीनंतर थेरपीसाठी लोखंडी बार आले. दोन समांतर दांडे. मुलाने दोन्ही हातांनी ते धरायचे आणि मधून चालायचं. ठेकेदाराची माणसं येऊन सिमेंटमध्ये पक्के रोवून गेली. मोठ्या माणसाच्या मापाचे. चिमीला बापाने मध्ये उभी धरली, तर दांडे तिच्या डोक्यावरून चार बोटं वर गेले. न वाकता खालून जाऊ शकली असती, चालता येत असतं तर.

रविंद्रने एक दांडा हलवून पाहिला. "मॅडम, पोशीला टांगायची काय?"

सोनल मॅडमनी हिंदीत काहीतरी म्हटलं. बार कापायला परवानगी लागते आणि परवानगी मागायला आधी बार चुकीचे आहेत असं लिहून द्यावं लागतं, तसं लिहायला कुणी तयार नव्हतं. बारांवर शालेय पोषण आहाराची फडकी वाळू लागली.

जानेवारीत अपंगांना साहित्य देण्याचा कॅम्प भरला. चिमीसाठी छोटा वॉकर मिळावा म्हणून सोनल मॅडमनी चिठ्ठी दिली. टेबलावरच्या माणसाने नाव लिहिलं, वय लिहिलं. त्याचं पेन उठेना. चार काढला, उमटला नाही, म्हणून शेजारी पुन्हा चार काढला. नंतर शाई आली, तेव्हा हाताच्या सवयीने पहिला चारही गिरवला. हे रविंद्रने डोळ्यांनी पाहिलं होतं, पण त्याला वाटलं, दोनदा लिहायची रीत असेल.

एप्रिलमध्ये निरोप आला, की साहित्य मंजूर झालं आहे. रविंद्र चिमीला घेऊन गेला. तिथे मैदानात ओळीने तीनचाकी सायकली उभ्या होत्या, पायांनी अधू झालेल्या मोठ्या माणसांसाठी असतात तशा. बसायला खुर्ची, समोर हाताने फिरवायचं पेडल, मागे दोन चाकं. यादीत नाव होतं : चिमी रविंद्र वरठा, स्त्री, वय ४४, तीनचाकी सायकल.

पुढचं बोलणं रविंद्रने मला इतक्यांदा सांगितलं आहे, की मीच तिथे होते असं वाटतं.

"तू कोण तिचा?" लिपिकाने विचारलं.

"बाप."

"वय?"

"सत्तावीस."

"चव्वेचाळीस वर्षांच्या बाईचा बाप सत्तावीस वर्षांचा?"

"साहेब, पोशी ही काय. खांद्यावर हाय."

"ते मला दिसतंय," लिपिक म्हणाला. माणूस वाईट नव्हता; त्याने चिमीला गोळीही दिली. "मला दिसून काय उपयोग? यादीत दिसलं पाहिजे. आता नको म्हणालास तर हिचं नाव कटेल, मग पाच वर्षं काही मिळायचं नाही. घेऊन जा. पुढचं पुढे बघू."

रविंद्रने अंगठा नाही, सही केली. सातवीपर्यंत शिकलेला आहे तो, आणि ते तो सांगतोच.

आता सायकल पाड्यावर न्यायची कशी? एसटीच्या कंडक्टरने दारातूनच हात हलवला. टेम्पोवाले सगळे महालक्ष्मीच्या जत्रेला जाणाऱ्यांची भाडी मारत होते. हनुमान जयंती होऊन आठवडा झाला होता आणि चारोटीकडचा रस्ता माणसांनी भरलेला होता. शेवटी त्याने चिमीला खुर्चीत बसवलं आणि मागून ढकलत निघाला. पण त्या सायकलचं वळणं-बिळणं सगळं समोरच्या पेडलावर. खुर्चीतल्याने ते धरलं नाही, तर चाक जाईल तिकडे सायकल. पहिल्या फर्लांगातच ती दोनदा गटारात आणि एकदा एका ताडगोळेवालीच्या टोपलीत गेली. ताडगोळेवालीने जे काही ऐकवलं ते ऐकून रविंद्र स्वतःच खुर्चीत बसला. चिमीला मांडीवर घेतलं, लांब पाय आखडून फळीवर दुमडले आणि हाताने पेडल फिरवू लागला.

उन्हाचा घामाने निथळणारा जवान माणूस, दुमडलेले पाय, मांडीवर वाकड्या पायांची पोर. रस्त्यातल्या लोकांनी काय समजायचं ते समजलं. ट्रक बाजू देऊ लागले. कुणी केळी आणून दिली. एका म्हाताऱ्याने टोपी काढून नमस्कार केला. रविंद्र प्रत्येकाला "नाय, माझे पाय चांगले हायत" असं सांगत होता, पण हात पेडलावर असल्याने पाय दाखवता येत नव्हते, आणि थांबलं की मागच्या गाड्या भोंगे वाजवत.

मग चढ लागला. सायकलची साखळी चढाला कुरकुरली, चाकं फिरेनात, उलटी मागे येऊ लागली. वरच्या अंगाला रसाच्या गाडीपाशी जत्रेचा एक टेम्पो थांबला होता. त्यातल्या बायकांच्या डोळ्यांदेखत रविंद्रने पाय सोडले, खाली उतरला, चिमीला खुर्चीत नीट टेकवली आणि एका हाताने पेडल धरून, सायकल ओढत, तरातरा चढ चढून गेला.

टेम्पोतून एक किंकाळी आली : "महालक्ष्मी माते!"

किंकाळी माझ्या सासूबाईंची होती. आनंदीबाई. आमचं घर नरपडला, चिकूची वाडी आहे. सासूबाई दरवर्षी शेजारणींना घेऊन टेम्पोने जत्रेला जातात. संध्याकाळी परत आल्या त्या पायरीपासूनच बोलत आल्या.

"नूतन, पांगळा उठला! देवीच्या वाटेवर, या डोळ्यांनी पाहिलं. मांडीवर लेकरू होतं, लेकरासाठी उठला गं."

मी विचारलं, "लेकराने लाल फ्रॉक घातला होता? आणि ओठांनी पर्रर्र करत होतं?"

"तुला कसं ठाऊक?"

रविंद्रचा फोन आधीच येऊन गेला होता. मी सगळं सांगितलं. फुगे, बार, चारावर चार. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू तिथे होतीस का? नाही ना. मग झालं."

दुसऱ्या दिवसापासून पाड्यावर माणसं येऊ लागली. रविंद्रची आई बुधी अंगणात बसलेली असायची. आधी दोन बायका आल्या, मग एक टेम्पो. नारळ, खण, अगरबत्ती. रविंद्र हात जोडून सांगायचा, "माझे पाय गेलेच नव्हते कधी." लोक एकमेकांकडे बघून म्हणायचे, बघा, किती नम्र आहे. बुधीचं म्हणणं वेगळं होतं. देवीच्या नावाने आलेला नारळ परत करणं चांगलं नाही. त्या आठवड्यात वरठांच्या घरी प्रत्येक भाजीत खोबरं होतं.

पण बोभाट्याला दुसरं टोकही असतं. कुणीतरी अर्ज केला, की धडधाकट इसमाने अपंगांची सायकल लाटली. रविंद्रला खुलाशाचं पत्र आलं. पुढच्या मंगळवारी तो सायकल घेऊन शाळेत हजर. या खेपेस मित्राच्या टेम्पोत घालून आणली होती. "बाई, ही परत करायची. कचेरीत तुम्ही चला संगती. माना कागद वाचता येतो, पण त्यांचा कागद वाचता येत नाय."

सायकल पटांगणातल्या बकुळीखाली लावून, चिमीला सोनल मॅडमपाशी ठेवून आम्ही गेलो. कचेरी शाळेपासून जवळच. तोच लिपिक होता. त्याने फायली उपसल्या आणि साहित्य परत घेण्याचा फॉर्म काढला. फॉर्मवर एक ओळ होती, 'परत करण्याचे कारण', आणि कारण छापूनच आलं होतं : 'लाभार्थी मयत.'

"दुसरं कारण?" मी विचारलं.

"दुसरं कुणी परत करत नाही हो, बाई. फुकटची वस्तू कोण परत करतो? मेल्यावर घरचे आणून देतात, तेही चारातले एक." मग रविंद्रकडे वळून हलक्या आवाजात म्हणाला, "अरे, नुसता कागद आहे. इथे सही कर. ती चव्वेचाळीस वर्षांची चिमी मेली, असं होईल. तुझी चार वर्षांची ती वेगळी. तिचा नवा अर्ज करू, लगेच वॉकर."

खरं सांगायचं तर मला ते पटलं. चव्वेचाळीस वर्षांची चिमी वरठा जगात नव्हतीच. जी नाही ती मेली म्हणून लिहायला काय जातं? मी रविंद्रकडे पाहिलं. त्याने पेन घेतलं होतं. 'चिमी रविंद्र वरठा' ही अक्षरं तो ओठ हलवत वाचत होता, आणि पुढचा तो छापील शब्द. त्याने पेन टेबलावर ठेवलं. ठेवलं म्हणजे इतकं हळू ठेवलं, की आवाज झाला नाही.

"नाय," तो म्हणाला.

"अरे, फक्त कागदावर."

"कागदावर पण नाय. मागल्या मंगळवारी ती भिंतीला धरून उभी ऱ्हायली. मॅडमनी घड्याळात बघलं, दीड मिनिट. मी लिवून देऊ, मेली म्हनून?"

लिपिकाने फॉर्म परत फायलीत घातला. पुन्हा आग्रह केला नाही. "मग सायकल तुझ्याकडेच ठेव," एवढंच म्हणाला. "आणि अर्जाचा खुलासा?"

तो मी तिथेच बसून लिहिला. 'सदर इसम सायकलवर बसला, कारण न बसल्यास सायकल गटारात जाते.' लिपिकाने वाचून शिक्का मारला.

आम्ही शाळेत परतलो तर पटांगणात आनंदीबाई उभ्या. रिक्षा करून नरपडहून आल्या होत्या, हातात ओटीचं ताट. मी मंगळवारचं बोलले होते, ते त्यांनी बरोबर लक्षात ठेवलं होतं. रविंद्रला पाहून त्या पुढे झाल्या. तो मागे सरला. "आजी, मी कवाच पांगळा नव्हतो."

"असं म्हणू नये बाळा. देवीला राग येतो."

एवढ्यात सोनल मॅडमची हाक आली. सायकल बकुळीखाली उभी होती आणि चिमी रांगत रांगत तिच्यापाशी गेली होती. खुर्चीच्या पाठीमागे एक आडवी दांडी असते. चिमीने ती धरली होती आणि तिच्या आधाराने स्वतःला वर ओढलं होतं. दांडी बरोबर तिच्या छातीशी आली. सगळ्या सरकारी सामानात चिमीच्या मापाची सापडलेली ती पहिली वस्तू.

"रविंद्रभाऊ, हलू नका," मॅडम कुजबुजल्या.

चिमीने ढकललं. सायकल हलकी; ती सुर्रकन पुढे गेली आणि चिमी तोंडावर आपटली. रडली नाही, सायकलला शिव्या देत असावी असे सूर काढले. मॅडम विचारात पडल्या. "वजन पाहिजे. खुर्चीत कुणीतरी बसायला पाहिजे, आणि पेडल सरळ धरून ठेवायला पाहिजे."

रविंद्र बसला. फार जड झालं, सायकल हलेना. मी बसले असते, पण माझी चाळीस मुलं बघत होती. मॅडमची नजर फिरत फिरत आनंदीबाईंवर गेली. सासूबाई बारीक अंगाच्या, पंचेचाळीस किलोच्या.

"मी?" आनंदीबाई म्हणाल्या. "मी पांगळी आहे का?"

"आजी, दोन मिनिटं. देवीचं नाव घेऊन."

हे मॅडमनी बरोबर ओळखलं. सासूबाईंनी पदर खोचला, ओटीचं ताट मांडीवर घेतलं आणि खुर्चीत बसल्या. समोरचं पेडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मागे चिमीने दांडी धरली, दात-ओठ खाल्ले. मॅडम गुडघ्यांवर बसून तिचे अडकणारे पाय एकेक सोडवून पुढे ठेवत होत्या. सायकल हलली. एक पाऊल. मग दुसरं. व्हरांड्यात माझी पहिली उभी राहून बघत होती आणि पहिल्यांदाच कुणी पर्रर्र केलं नाही. तिसऱ्या पावलाला मॅडमनी हात काढून घेतले. चौथं चिमीने स्वतः टाकलं.

मागे काय चाललंय ते आनंदीबाईंना दिसत नव्हतं. त्या सारखं विचारत होत्या, "चालली का गं? चालली का?" रविंद्र खाली बसला होता, दोन्ही हात डोक्यावर.

घरी जाताना रिक्षात सासूबाई एकच वाक्य बोलल्या. "दोनदा पाहिलं मी, नूतन. एकाच जत्रेत."

या वेळी मी वाद घातला नाही.

त्यानंतर पाड्यावर रोज संध्याकाळी तेच सुरू झालं. आनंदीबाईंच्या जागी बुधी. तीही चिमणीएवढी, आणि तिला तो मान फार आवडला. लुगडं सावरून खुर्चीत बसायची, पेडल धरायची, आणि मागून नात ढकलायची. सुनिता वाडीतून आली, की चिमीच्या पायांपाशी वाकून पाय सोडवायची. सुरुवातीला आंब्यापर्यंत, मग विहिरीपर्यंत. शेजारची रूपी म्हणायची, डोकरीला लाज नाही, अपंग पोरीकडून गाडी ढकलून घेते. बुधी तिला खुर्चीतूनच उत्तर द्यायची, "तुजी नात ढकलेल का तुना?"

ऑगस्टमध्ये एक तपासनीस आला, लाभार्थी सायकल वापरतात का ते बघायला. पाड्याच्या वाटेवरच त्याला समोरून तीनचाकी येताना दिसली, तिच्यात बाई बसलेली. त्याने यादी पाहिली.

"चिमी वरठा?"

"मागं हाय," बुधी म्हणाली.

त्याने मागे पाहिलं. मागे चिखलाने माखलेली पाच वर्षांची पोर, घामाघूम, दांडीला धरून उभी. त्याने बुधीकडे पाहिलं, मग यादीकडे, मग पुन्हा पोरीकडे. पाऊस भुरभुरत होता आणि अजून नऊ पाडे राहिले होते. ती नोंद पुढे कचेरीत त्या लिपिकाने मला मुद्दाम बोलावून दाखवली : 'लाभार्थी चिमी, वय ४४, सायकलचा नियमित वापर करीत आहे. चढावर ढकलण्यासाठी कुटुंबातील लहान मुलगी उपलब्ध. समाधानकारक.'

"दुरुस्त करू का?" त्याने विचारलं.

मी रविंद्रला विचारलं. त्याने मान हलवली. त्यातलं एकही वाक्य त्याला तितकंसं खोटं वाटत नव्हतं.

२०१८च्या जूनमध्ये चिमी माझ्या वर्गात पहिलीला आली. तोवर छोटा वॉकर मिळाला होता. सरकारी नव्हे, सोनल मॅडमनी ओळखीच्या दुकानातून जुना आणला होता. पाय अजून अडकायचे, आजही अडकतात. तोंडात पंधरा-वीस शब्द आले होते. त्यातले निम्मे फक्त बुधीला आणि रविंद्रला कळायचे, आणि त्या अर्थांबद्दल त्या दोघांत भांडण असायचं.

शाळेचं पहिलं वर्ष चिमीला सोपं गेलं नाही. मुलं तिच्या लाळेवरून बोलायची. मी रागवायचे, ती मान फिरवून बसायची. रविंद्रला यातलं काही सांगायचं मी टाळत होते. पण २०१९च्या फेब्रुवारीत त्याला बोलावून घ्यावंच लागलं, कारण चिमीने एका मुलीच्या दंडाला चावून रक्त काढलं होतं.

तो पाळीवर जाण्याआधी आला, माझ्या टेबलासमोर मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे वर करून बसला. मी गंभीरपणे सगळं सांगितलं. त्या मुलीचे पालक चिडले आहेत, माफी मागावी लागेल, घरी समज द्या, वगैरे. तो खाली मान घालून ऐकत होता. मग त्याने विचारलं,

"बाई, ती मुलगी कुठं बसते?"

"खिडकीपाशी. तिसऱ्या रांगेत."

"आन चिमी?"

"दाराजवळ."

"वॉकर?"

"वॉकर बाहेर होता. बाकांना धरून गेली." मी हे बोलले आणि मलाच तेव्हा कळलं.

रविंद्र मान खालीच घालून होता. चेहरा पडलेला ठेवण्याचा त्याने फार प्रयत्न केला. त्याचे खांदे हलत होते.

"माफी मागतो, बाई," तो म्हणाला. "मागतो ना. पन आदी माना ती बाकं दाखवा."